निरोप समारंभ आणि सुरळीची वडी

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही निरोप दिला. भाषणे झाली, गाणी झाली, शेवटी सर्वांचा एकत्र फोटो निघाला. फोटो हाती आला तेव्हा लक्षात आले की त्यात आमच्या वर्गातल्या पाच मुली नाहीत. त्या वेळी त्या कोठे होत्या, हे आठवायला फारसे श्रम पडले नाहीत. सभागृहामागच्या व्हरांड्यात त्या भजी तळत होत्या. आम्ही मात्र पंख्याखाली बसून, "गरम आहेत तोवर पाठवा" असे निरोप त्यांच्याकडे धाडत होतो. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला आलेला निरोप तो एवढाच!

याबद्दल कोणी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे अन्याय नाही असे आपण धरून चालतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, तेव्हा हिशेबाचेच बोलतो. समारंभाचा जमाखर्च मीच लिहिला होता. बेसन, तेल, कांदे, गॅस, कागदी बशा, सारे रीतसर मांडले. मजुरीच्या रकान्यात मात्र काहीच नाही. पाच जणींचे चार तास म्हणजे वीस तास झाले, आणि ते कोणत्याच खात्यावर पडले नाहीत.

ही चूक माझी एकट्याची नाही, हीच काय ती समाधानाची गोष्ट. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली गमतीने दाखवून दिले होते की, एखाद्याने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, पण पगार बंद झाला की ते हिशेबातून नाहीसे होते. आपल्या केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांत बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे तीत आढळले. आमच्या व्हरांड्यात तर हे प्रमाणही उरले नव्हते.

कोणी म्हणेल, मग हॉटेलातून मागवा. मागवता येईल, पण वर्गणी वाढेल, आणि सर्वांनी मिळून काही केल्याचा आनंद जाईल तो निराळाच. माझ्या मते दोष घरी करण्यात नाही, पदार्थाच्या निवडीत आहे. भजी गरमच खायची असते. म्हणून जोवर खाणारे खात आहेत तोवर कोणीतरी कढईपाशी उभे राहिलेच पाहिजे, आणि ते 'कोणीतरी' कोण हे आपल्याकडे न विचारताच ठरते. जो पदार्थ सकाळी करून ठेवता येतो आणि थंडच खायचा असतो, त्याला ही अडचण नाही. करणारे आणि खाणारे एकाच वेळी एकाच सतरंजीवर बसू शकतात. असा पदार्थ शोधायला दूर जायला नको. सुरळीची वडी आपल्या घरोघरी आहे; गुजराती मंडळी तिलाच खांडवी म्हणतात.

गेल्या सुटीत निपाणीस घरी असताना मी ती आईकडून शिकलो. एक वाटी बेसनाला एक वाटी आंबट ताक आणि दोन वाट्या पाणी. त्यात हळद, हिंग, मीठ, आले-मिरचीचे वाटण. गुठळी राहू न देता पीठ कालवायचे आणि मंद आचेवर सारखे ढवळत शिजवायचे. झाले की नाही हे कळायला थेंबभर पीठ ताटलीवर पसरून मिनिटभर थांबावे. सुटून आले तर झाले. पहिल्या खेपेला मला धीर निघाला नाही, आणि पीठ ताटाला जे चिकटले ते खरवडूनच खावे लागले. दुसऱ्या खेपेला जास्त शिजवले, तर ते पसरेना. तिसरी खेप आईने शेजारीपाजारी वाटली, यातच सारे आले.

शिजलेले पीठ लगेच उपड्या ताटांवर पातळ पसरावे लागते, कारण निवले की ते घट्ट होते. मग दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, सुरळ्या करायच्या आणि वरून मोहरी-तिळाची फोडणी. तळण नाही, म्हणून तेल थोडेच. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे काम एकट्याने नीट होत नाही. एक ढवळतो, दोघे पसरतात, बाकीचे कापून गुंडाळतात. म्हणजे पदार्थच मुळी सहकारी तत्त्वावरचा आहे! आमच्या घरी एका वाटीच्या साधारण पंचवीस वड्या झाल्या. साठ जणांना प्रत्येकी तीन धरल्या तर सात-आठ वाट्या बेसन, म्हणजे किलोच्या आतच. मात्र ते एकदम शिजवू नये, दोन-दोन वाट्यांच्या खेपा कराव्यात. उन्हाळ्यात ओले खोबरे लवकर आंबते, म्हणून ते आणि कोथिंबीर वाढताना वरून घालावी. वड्या ओल्या फडक्याखाली झाकून दुपारपर्यंत संपवाव्यात.

हा बेत मी कन्नड विभागातील वर्गमैत्रिणीला सांगितला. ती म्हणाली, "नीव माड्री, नाव तिंतीवि." तुम्ही करा, आम्ही खातो! गेल्या वर्षी त्या पाच जणींत तीही होती, त्यामुळे मला उत्तर सुचले नाही. मग तिनेच सांगितले की गुंडाळीला कानडीतही 'सुरुळि'च म्हणतात. 'मनातले मांडे' हा वाक्प्रचारसुद्धा दोन्ही भाषांत आहे. ते मराठीत मांडे आणि कानडीत मंडिगे. बेळगावात ते मनात न खाता लग्नाच्या पंगतीत खायला मिळतात, एवढाच काय तो फरक. कोणी कोणाचा शब्द घेतला हे पंडितांनी ठरवावे. आपल्या या भागात पाट्यांवरून आणि नावांवरून पुष्कळ भांडून झाले आहे, ओट्याभोवती उभे राहून ताट पसरताना "लवकर, निवतंय!" हे कोणत्याही भाषेत सांगितले तरी समजते.

मुलांना हे जमेल काय, असा प्रश्न काही गुरुजनांनी हसत विचारला. मेसच्या स्वयंपाकघरांत, हॉटेलांत आणि लग्नाच्या मांडवात हजार माणसांचा स्वयंपाक करणारे आचारी बहुधा पुरुषच असतात. पगार मिळाला की पुरुषाला स्वयंपाक जमतो. वर्गासाठी फुकट करायचा म्हटले की मात्र हात चालत नाही. तेव्हा प्रश्न हाताचा नाही, सवयीचा आहे.

म्हणून यंदाच्या समितीपुढे माझी सूचना साधी आहे. अल्पोपाहाराचे काम मुलामुलींना चिठ्ठ्या टाकून वाटावे. पदार्थ थंड असावा. सुरळीची वडी नको असेल तर चपातीला शेंगदाण्याची चटणी आणि तूप लावून तिची गुंडाळी करा. तिला तर गॅसही सकाळी घरीच लागतो. आणि जमाखर्च लिहिणाऱ्याने मजुरीच्या रकान्यात प्रत्येकाचे तास लिहावेत, पैसे द्यायचे नसले तरी.

कार्यक्रम संपल्यावर एकत्र फोटो निघेल, तेव्हा काढणाऱ्याने आधी डोकी मोजावीत. पटावर आहेत तेवढी भरली, की मगच बटण दाबावे.