मागचं दार उघडून दाखवा

चेन्नईत बारावीच्या मुलांचा समारंभ ठरवायचा, ज्याला आता बहुतेक शाळा ग्रॅज्युएशन डे म्हणतात तो, तर सभागृहाच्या आधी तारखेचा प्रश्न सोडवावा लागतो. आपल्याकडे महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमाराला आकाश मोकळं होतं, इथे नेमकं तेव्हाच भरून येतं. डिसेंबर २०१५चा महापूर आणि डिसेंबर २०२३चं मिचाँग वादळ ज्यांनी पाहिलं, त्यांच्यापुढे त्या महिन्यात मैदानावर मांडव घालायचा विषयही काढता येत नाही. डिसेंबरच्या मध्याला मारगळी महिना लागतो आणि म्युझिक अकादमी, नारद गान सभा, वाणी महाल ही सगळी नावाजलेली सभागृहं संगीताच्या हंगामाला दिलेली असतात. पोंगल होऊन तै महिना लागला की लग्नसराई. गल्लोगल्लीची कल्याण मंडपम, म्हणजे मंगल कार्यालयं, पहाटेपासून नादस्वरमने गजबजतात. फेब्रुवारीच्या मध्याला सीबीएसईची परीक्षा, मार्चमध्ये राज्य मंडळाची. त्यानंतर मुलं जेईई आणि नीटच्या मागे, आणि मे महिन्यात अग्निनक्षत्राचं ऊन. म्हणजे हातात उरतात जानेवारीअखेरचे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीचे मोजके दिवस. तेवढ्यात शहरातल्या साऱ्या शाळा जागा शोधत फिरतात.

यंदा पालकांच्या समितीबरोबर मीही फिरले. जागा पाहताना आम्ही पालक काय विचारत होतो? एसी किती टनांचा, एलईडी पडदा केवढा, फोटोसाठी मागे काय लावणार, जेवणाचं पान केवढ्याला. सगळे प्रश्न रास्तच आहेत. चेन्नईच्या दमट हवेत अंगावर काळा पॉलिएस्टरचा गाऊन चढवून तीन तास बसणाऱ्या मुलांना गार हवा हवीच. पण एका सभागृहात, जे दुसऱ्या मजल्यावर होतं, मी रंगमंचाच्या डावीकडचं दार उघडायला सांगितलं. दारावर हिरवी पाटी होती, पण दिवा बंद. दारापुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत छातीएवढी. ती हलवल्यावर कडीला कुलूप दिसलं. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेले. रखवालदार अगदी सौजन्याने म्हणाला, ‘‘या दाराची कधी गरजच लागत नाही, मॅडम.’’ आम्ही सातशे माणसांसाठी जागा बघत होतो, आणि वर यायला साडेचार फुटांचा एकच जिना होता.

मला तेव्हा डबवालीची आठवण झाली. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली गाव, डीएव्ही शाळेचा वार्षिक समारंभ. जागा होती एक लग्नाचं कार्यालय, वर कृत्रिम धाग्याच्या कापडाचा शामियाना. विजेच्या बिघाडाने कापड पेटलं, जळतं कापड गर्दीवर कोसळलं आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. तो दिवस कौतुकाचा होता. आईबाप मुलांना रंगमंचावर पाहायला आले होते. तामिळनाडूला तर लांब बघायचीही गरज नाही. १६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीची आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं दगावली. तिथेही जिना अरुंद होता. एवढं घडून गेल्यावरही सभागृह ठरवताना बाहेर पडायच्या वाटा शेवटच्या ओळीत याव्यात, हे मला सहन होत नाही.

दुसरी गोष्ट पासांची. बाहेरचं सभागृह घेतलं की खुर्च्या मोजक्या, म्हणून घरटी दोन पास. आमच्या मराठी कुटुंबांत पुण्याहून, सोलापुरातून आजी-आजोबा खास येतात. ज्या आजीने नातीच्या वेण्या घातल्या, ती घरी बसून मोबाइलवर समारंभ बघणार, कारण पास आईवडिलांना लागले. तमिळ घरांतही हेच. सभागृहाला खूप पायऱ्या असल्या तर गुडघे धरलेल्यांना पास मिळूनही उपयोग नाही.

चेन्नईला शाळेतून शिकून बाहेर पडण्याचं कौतुक फार जुनं आहे. तंजावरी मराठी घराण्यातले टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. एअर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली मद्रास हायस्कुलात शिकून १८४६मध्ये पहिल्या वर्गात बाहेर पडले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्याच हायस्कुलाचं पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालं. शाळा सोडण्याचा दिवस साजरा करावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी गाऊन हवा की नाही, यावर मी वाद घालणार नाही.

माझं मत मात्र पक्कं झालं आहे. शाळेला मैदान असेल तर समारंभ मैदानातच व्हावा, संध्याकाळी साडेपाचला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा पाऊस नसतो आणि समुद्राकडून वारा येतो. चार बाजूंना चार वाटा असतात, पास लागत नाहीत, चौदा वर्षं घंटा देणारे शिपाईकाका आणि व्हॅनचे ड्रायव्हरही बसू शकतात. सभागृहाचं भाडं वाचतं. आमच्या हिशेबात त्या रकमेत मंडप, खुर्च्या, जनरेटर आणि इडली-पोंगलचं जेवण बसत होतं. चेतपेटच्या लेडी आंडाळ शाळेच्या आवारात सर मुथा वेंकटसुब्बराव सभागृह आहे, तशी सोय थोड्या शाळांनाच असते. बाकीच्यांना मैदान तरी असतं. ज्यांना तेही नाही, त्यांनी एका मोठ्या सोहळ्याऐवजी दोन दिवस, दोन तुकड्या करून छोटं, तळमजल्यावरचं सभागृह घ्यावं.

आमच्या समितीत मतदान झालं आणि मैदान जिंकलं. कापडाचा मांडव घालणाऱ्याकडून कापड न पेटणारं असल्याचं लेखी घ्यायचं, वायरिंग शाळेच्या इलेक्ट्रिशियनने तपासायचं आणि अग्निशमन दलाला आधी पत्र द्यायचं, असंही ठरलं. आता शाळेची परवानगी आली आहे.

तुमच्या मुलांच्या शाळेतही जागा ठरत असेल. पालक सभेला जा. आगाऊ रक्कम भरायच्या आधी मॅनेजरला मागचं दार तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि ते उघडत नसेल तर ती जागा नाकारा.