‘ओ’ म्हणजे देणे लागणे

आठवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक साधे मराठी वाक्य लिहिले : ‘मी दुकानदाराचे चाळीस रुपये देणे लागतो.’ याचे इंग्रजी करा, असे सांगितले. बहुतेक वह्यांत एकच उत्तर होते : ‘आय हॅव टु गिव्ह फॉर्टी रुपीज टु द शॉपकीपर.’ उत्तर चूक नाही, पण वाट लांबची आहे. इंग्रजीत यासाठी तीन अक्षरांचे एक क्रियापद आहे : ओ-डब्ल्यू-ई. उच्चार नुसता ‘ओ’. ‘आय ओ द शॉपकीपर फॉर्टी रुपीज.’

मुले हसली. हाकेला ‘ओ’ देतात, तेवढाच ‘ओ’ त्यांना ठाऊक होता.

गंमत अशी की मुलांनी जी लांबची वाट धरली, त्याच वाटेने हा शब्दही आला आहे. सुमारे ११०० सालाच्या आधीच्या जुन्या इंग्रजीत ‘आगान’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘जवळ असणे, मालकीचे असणे’, म्हणजे आजच्या ‘हॅव’सारखा. पुढे ‘जवळ असणे’वरून ‘द्यायचे असणे’ असा अर्थ होत गेला. ‘हॅव’ला ‘टु’ जोडला की जसे ‘करावे लागणे’ होते, तसेच. शेवटी मालकीचा अर्थ गळून पडला आणि देण्याचा तेवढा उरला.

या घराण्यात आणखी दोन शब्द आहेत. ‘माझे स्वतःचे’ या अर्थाचा ‘ओन’ त्याच मुळापासून आला आहे. ‘करायला हवे’ या अर्थाचा ‘ऑट’ हे तर या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. उर्दूत सांगायचे तर ‘ओ’ म्हणजे कर्ज आणि ‘ऑट’ म्हणजे फर्ज. आपल्याकडे या दोन शब्दांचे यमक जुळते; इंग्रजीत ते सख्खे भाऊ निघाले.

आता वापर पाहू. ‘कोणाचे’ आधी आणि ‘काय’ नंतर : ‘आय ओ यू फिफ्टी रुपीज.’ क्रम उलटला तर मध्ये ‘टु’ येतो : ‘आय ओ फिफ्टी रुपीज टु यू.’ ‘आय अ‍ॅम ओइंग यू’ असे म्हणू नये. भूतकाळ ‘ओड’. उसनवारीच्या चिठ्ठीवर ‘आय-ओ-यू’ ही तीन अक्षरे लिहितात, ती याच वाक्याच्या उच्चारावरून आली. ‘ही ओज हिज वाइफ हर मेहर’ हे वाक्यही मुलामुलींना शिकवावे. मेहर ही पतीने मर्जीने द्यायची भेट नसून पत्नीचा हक्क आहे, हे या एका क्रियापदात स्पष्ट होते.

देण्याघेण्याच्या बाबतीत आपला दीन किती काटेकोर आहे, हे आपण जाणतो. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. जनाजाच्या वेळी आपल्याकडे पुकारतात की मरहूमांकडे कोणाचे काही येणे असेल तर त्यांनी वारसांना भेटावे, आणि कोणाचे मन दुखावले असेल तर माफ करावे. अब्बांच्या जनाजात आमच्या मोठ्या भाईंनी हे पुकारले, तेव्हा आम्ही मान खाली घालून उभे होतो. दोन दिवसांनी एक भाजीवाले चाचा आले. साठ रुपयांचा हिशेब होता. तो तिथल्या तिथे चुकता झाला. पण ज्यांचे मन दुखावले होते, त्यांच्यापैकी कोणी आलेच नाही. असे लोक येत नाहीत. पैशाचे देणे वारस फेडू शकतात, माफीचे देणे ज्याचे त्यानेच फेडावे लागते.

इंग्रजीत या देण्यालाही हेच क्रियापद लागते : ‘आय ओ यू अ‍ॅन अपॉलॉजी.’ मी तुझी माफी मागणे लागतो. हे वाक्य आम्ही त्या दिवशी फळ्यावर लिहिले, त्याला कारण होते. आदल्या आठवड्यात एका मुलाला आम्ही सगळ्या वर्गासमोर खोटारडा म्हटले होते. तो म्हणत होता, ‘वही दिली आहे, सर.’ आम्ही ऐकले नाही. चार दिवसांनी वही आमच्याच कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांखाली सापडली. आम्ही ती तपासून गुपचूप इतर वह्यांत ठेवून दिली. मुलगा काही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने वर्गात हात वर केला नव्हता.

फळ्यावरचे वाक्य वाचून झाल्यावर आम्ही त्याचे नाव घेतले आणि सांगितले, ‘बेटा, हे वाक्य तुझ्यासाठी आहे. वही माझ्याकडेच होती. चूक माझी होती.’ वर्ग एकदम शांत झाला. तो उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, ‘ठीक आहे, सर.’ खाली बसताना त्याने विचारले, ‘सर, अपॉलॉजीच्या आधी ‘अ’ का नाही, ‘अ‍ॅन’ का?’

हात वर होता.

आज घरात मुलांना हा शब्द शिकवा. प्रत्येकाने तीन वाक्ये लिहावीत : एक पैशाचे, एक आभाराचे, एक माफीचे. तिसरे वाक्य मोठ्यांनीही लिहावे. आणि ज्याचे देणे आहे त्याने हाक मारायची वाट न पाहता आपणच ‘ओ’ द्यावी.