दम्याला दमा म्हणा!

आमच्या डोंबिवलीत दमा कुणालाच नसतो! असते ती 'अ‍ॅलर्जीची सर्दी', नाहीतर 'बाळदमा, मोठा झाला की जाईल'. मुलगी असेल तर विचारूच नका, उद्या लग्न ठरवताना अडचण नको. अहो, चौदा वर्षांच्या पोराला स्वतःच्या आजाराचं नावच माहीत नसेल, तर तो पंप नीट ओढायला तरी कशाला शिकेल?

"पंपाची सवय लागते" हे तर आईबाबांचं ठाम मत. सवय कसली? पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. तरी गोळी चालते, पंप नको...

दुसरा घोळ निळ्या पंपाचा. त्याने आवळलेली श्वासनलिका तेवढ्यापुरती सैल होते, आतली सूज तशीच राहते. म्हणून तर 'जीना' ही दम्यावरची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्था २०१९ पासून सांगतेय, की बारा वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या त्या पंपावर ठेवू नका, सूज उतरवणारं स्टिरॉइडही श्वासातून द्या.

एमआयडीसीच्या धुराला शिव्या जरूर घाला. पण रात्री खिडक्या लावून डासांची कॉइल कोण पेटवतं?

मंडळी, ही मुलं उद्या गच्च भरलेल्या लोकलने कॉलेजला जाणार. तिथे धाप लागली तर शेजारी आई नसेल. पंप खिशात असेल आणि तो कधी, कसा घ्यायचा हे ठाऊक असेल, तरच निभावेल. तेव्हा दम्याला दमा म्हणा, आणि डॉक्टरकडे गेलात की प्रश्न पोरालाच विचारू द्या.