कामाच्या ठिकाणची भाषा आणि कामगाराचा हक्क

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या कार्यक्षमतेची परीक्षा होते, असा एक सर्वमान्य समज आहे. प्रत्यक्षात तेथे पारख होते ती बोलण्याच्या सफाईची, नजरेला नजर भिडवण्याची, अधिकाऱ्याच्या विनोदाला वेळेवर दाद देण्याची. हिशेब तपासणे, यंत्राचे सुटे भाग जुळवणे, दप्तरात नोंदी ठेवणे या कामांशी यांपैकी एकाही गुणाचा संबंध नाही. तरीही स्वमग्न तरुण याच पायरीवर बाद ठरतो आणि त्याच्या कामाची परीक्षा कधी होतच नाही.

स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, अवधानाची अस्थिरता व अतिचंचलता या अवस्थांत माहिती ग्रहण करण्याची मेंदूची रीत बहुसंख्यांहून वेगळी असते. हा वेगळेपणा मानवी वैविध्याचाच भाग आहे, असा विचार १९९० च्या दशकात पुढे आला आणि त्यातून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’, म्हणजे मज्जासंस्थेचे वैविध्य, हा शब्द रूढ झाला. या विचाराच्या प्रसारात स्वमग्न व्यक्तींचा स्वतःचा पुढाकार होता, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. दयेची याचना त्यात नव्हती; सन्मानाने जगण्याची व काम करण्याची मागणी होती.

भारतात या मागणीला कायद्याचा आधार मिळण्यास विलंब लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा अंतर्भाव नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या यासंबंधीच्या कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर संमत झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अक्षमतेचे प्रकार सातावरून एकवीस झाले व सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेल्या. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून त्यांतील एक टक्का आला.

हा लाभ मोलाचा आहे; पण त्याच्या मर्यादा नजरेआड करता येणार नाहीत. अवधान-अस्थिरतेला कायद्याच्या परिशिष्टात स्थानच नाही. राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्के अक्षमतेचा दाखला लागतो. खाजगी मालकांवर राखीव जागांचे बंधन नाही. पाच टक्के दिव्यांग कर्मचारी नेमणाऱ्यांस उत्तेजन देण्याची तरतूद तेवढी आहे. सार्वजनिक उद्योग विकला जातो तेव्हा त्यातील राखीव जागांवरही पाणी सोडावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया खाजगी मालकीची झाली, तेव्हा हेच घडले.

या कायद्याचा खरा गाभा मात्र ‘वाजवी तजवीज’ या कल्पनेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात असा निर्वाळा दिला की, वाजवी तजवीज नाकारणे हाच भेदभाव होय. हाताच्या विकारामुळे लिहिणे कठीण झालेल्या त्या उमेदवाराला लेखनिक देण्यासाठी चाळीस टक्क्यांच्या दाखल्याची अट न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. व्यवहारात मात्र अशा तजविजीला सर्रास ‘सवलत’ म्हटले जाते. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि मर्जी फिरली की ती काढून घेता येते. हक्क असा काढून घेता येत नाही.

या तजविजीचा खर्च परवडत नाही, ही मालकांची नित्याची तक्रार. पण बहुतेक तजवीज ही भाषेची आणि शिस्तीची आहे. मुलाखतीचे प्रश्न आधी कळवावेत, किंवा मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घ्यावा. सूचना एका वेळी एकच व लेखी द्यावी. ‘जरा बघून घ्या’ असे मोघम न सांगता कोणते काम किती वाजेपर्यंत हवे ते स्पष्ट सांगावे. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे. चूक झाल्यास ती चारचौघांत टोमणा मारून न दाखवता बाजूला घेऊन नेमक्या शब्दांत सांगावी. यांपैकी कशाला फारसे भांडवल लागते? मोघम हुकूम देऊन चुकीचे खापर कामगाराच्या माथी फोडण्याची मुकादमाची सोय तेवढी संपते. आणि स्पष्ट, लेखी सूचनेचा लाभ एकट्या स्वमग्न कामगाराला होत नाही, तो खात्यातील प्रत्येकाला होतो.

काही मोठ्या कंपन्यांनी यात पुढाकार घेतला आहे. २०२० पर्यंत आपल्या कर्मचाऱ्यांत एक टक्का स्वमग्न व्यक्ती असतील, असे उद्दिष्ट जर्मनीच्या एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले होते. असे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु ते ‘असामान्य बुद्धी’च्या शोधापुरते राहिले, तर ज्याच्याजवळ असामान्य असे काही नाही त्या स्वमग्न कामगाराने जायचे कोठे? कामाचा हक्क सामान्य माणसालाही आहे.

लहान कारखानदाराला हे सारे ठाऊक नसते, ही अडचण खरी आहे. त्याला मार्गदर्शन करण्याचे काम केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या दिव्यांगांसाठीच्या सेवा केंद्रांनी अंगावर घेतले पाहिजे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी व निवडीची पद्धत नमूद करावी, असे २०१७ चे नियम सांगतात. हे धोरण सूचनाफलकावर लावले आहे काय, हे प्रत्येक कामगार संघटनेने विचारावे. मागणीपत्रकात वाजवी तजविजीचे कलम घालावे. आणि आपली अवस्था उघड करणाऱ्या कामगाराची नोकरी जाणार नाही, याची हमी मिळवावी. जो आपले गाऱ्हाणे सफाईने मांडू शकत नाही, त्याच्या वतीने बोलणे हे तर संघटनेचे पहिलेच काम आहे.