निकाल लागेल, पण पुढें काय?

दरवर्षीं फेब्रुवारी-मार्चांत बारावीची परीक्षा आटोपते आणि निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो. मधल्या काळांत महाराष्ट्रांतील लक्षावधि घरांमध्यें एक चमत्कारिक शांतता नांदते. जुनीं पुस्तकें फडताळांत गेलेलीं असतात, नवीं अजून आलेलीं नसतात. मुलगा भेटेल त्यास ‘पेपर बरे गेले’ इतकेंच सांगतो, आणि बाप दुकानांत गिऱ्हाइकाशीं बोलतां बोलतां पोराचें पुढें काय करावें याचा हिशेब मनांतल्या मनांत मांडीत असतो. हा प्रश्न थोडक्या कुटुंबांपुरता नाहीं. २०२५ सालीं या परीक्षेस १४ लक्ष १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थी बसले व त्यांपैकीं १३ लक्ष २ हजार ८७३ उत्तीर्ण झाले. म्हणजे निकाल शेंकडा ९१.८८ लागला. मुलींचें उत्तीर्ण होण्याचें प्रमाण मुलांहून शेंकडा सुमारें पांचांनीं अधिक होतें. हे आंकडे वाचून कोणासहि समाधान वाटेल. आम्हांसहि तें वाटतें. परंतु समाधानाच्या पोटांत जी एक अडचण दडलेली आहे, तिजकडे वाचकांचें लक्ष वेधणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

अडचण अशी कीं, ज्या परीक्षेंत शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक मुलें उत्तीर्ण होतात, त्या परीक्षेपुरता ‘पास कीं नापास’ हा प्रश्न आतां गौण झाला आहे. खरा प्रश्न निकालाच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होतो. उत्तीर्ण झालेल्या मुलास विद्यापीठाचें दार उघडें आहे काय, असल्यास तें कोणत्या किल्लीनें उघडतें, आणि ती किल्ली त्याच्या हातीं वेळेवर पडते काय, हें पाहाणारा कोणी नाहीं. निकालाच्या दिवशीं पेढे वांटणारे पुष्कळ. परंतु त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्या मुलाबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढणारे किती?

पूर्वीची व्यवस्था कशी होती तें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे लोकांच्या तोंडची मॅट्रिक, झाली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे त्याच परीक्षेंतून पुढें गेले. ही परीक्षा खुद्द विद्यापीठ घेत असे. म्हणून जो ती उतरला त्यास कॉलेजांत शिरण्याचा अधिकार तिच्यानेंच मिळे. मॅट्रिकचे दोष कांहीं थोडे नव्हते. ती कठोर होती, घोकंपट्टीस उत्तेजन देणारी होती, आणि परभाषेच्या ओझ्याखालीं पुष्कळ चांगलीं मुलें तिनें दडपून टाकलीं. तरी एक परीक्षा आणि एक दार, एवढा सरळपणा तिच्यांत होता. १९४८ च्या कायद्यानें मुंबई प्रांतांत शालांत परीक्षेचें काम विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्यांत आलें, आणि हल्लींचें राज्यमंडळ १९६५ च्या कायद्यान्वयें अस्तित्वांत आलें. शाळेचें शिक्षण हें केवळ विद्यापीठाची पायरी नसून त्यास स्वतंत्र किंमत आहे, हें यामागचें तत्त्व योग्यच होतें.

परंतु आज काय दिसतें? शाळेची परीक्षा स्वतंत्र झाली खरी, पण धंदेशिक्षणाच्या दारावरून तिची सत्ताहि गेली. वैद्यकीस जावयाचें तर नीट, राज्यांतील अभियांत्रिकीस जावयाचें तर सीईटी, आयआयटीस जावयाचें तर जेईई, आणि मध्यवर्ती विद्यापीठांत जावयाचें तर २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी. बारावीच्या गुणांचें काम बहुधा किमान पात्रतेपुरतें उरलें आहे. परिणाम वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. मुलाचें नांव कॉलेजच्या पटावर आणि मूल मात्र क्लासच्या बांकावर, अशी रीत ठिकठिकाणीं पडली आहे. बापानें एक फी कॉलेजास द्यावी आणि तिच्या कित्येक पट दुसरी फी क्लासास द्यावी! ज्याच्यापाशीं ही दुसरी फी नाहीं, त्याच्या मुलाचे बारावीचे उत्तम गुण हे न वटणाऱ्या हुंडीसारखे होतात. आमच्या व्यापारी वाचकांस याहून अधिक स्पष्ट सांगण्याची गरज नाहीं.

प्रवेशपरीक्षा सर्वस्वीं रद्द कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापानें मोजतां येत नाहींत, आणि जागा थोड्या व मागणारे फार अशा ठिकाणीं कांहीं तरी समान कसोटी लागणारच, हें आम्हांस मान्य आहे. पण जी कसोटी मुलांवर सक्तीनें लादली जाते ती लादणारानें निर्दोषपणें चालवली पाहिजे, हेंहि तितकेंच खरें. २०२४ च्या नीट परीक्षेचा प्रकार अद्याप लोक विसरले नसतील. तेवीस लक्षांहून अधिक विद्यार्थी त्या परीक्षेस बसले. ४ जून रोजीं निकाल लागला तेव्हां ६७ जणांस ७२० पैकीं पुरे ७२० गुण मिळाल्याचें जाहीर झालें. वाढीव गुणांचा वाद उपस्थित झाला, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी झाल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. सर्व परीक्षा पुन्हा घ्यावी ही मागणी न्यायालयानें २३ जुलै रोजीं अमान्य केली. न्यायालयाच्या निर्णयाविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु मधल्या सात आठवड्यांत, हातीं गुणपत्रक असूनहि आपण उत्तीर्ण आहों कीं पुन्हा परीक्षार्थी आहों हें ज्या मुलांस कळेना, त्यांच्या मनःस्थितीची भरपाई कोण करणार?

आतां मंडळाच्या निकालाकडे वळूं. निकाल म्हणजे एक प्रकारचा न्यायनिवाडाच होय, आणि ज्याच्याविरुद्ध निवाडा झाला त्यास तो कोणत्या पुराव्यावर झाला हें पाहाण्याचा हक्क असावा, हें कायद्याच्या अभ्यासकास सहज पटेल. तथापि १९८४ सालीं आमच्याच राज्यमंडळाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें उत्तरपत्रिका पाहाण्यास व फेरतपासणीस मनाई करणारे मंडळाचे नियम कायदेशीर ठरविले. निकालास कोठें तरी शेवट असावा व लक्षावधि मुलांचे निकाल वेळेवर लागावे, हें त्यामागील कारण उपेक्षणीय नव्हतें. पुढें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २०११ सालीं त्याच न्यायालयानें तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून ती पाहाण्याचा परीक्षार्थ्यास अधिकार आहे असा निर्णय दिला. आज राज्यमंडळहि उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतें आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतां येतो. ही सुधारणा मोठी आहे. पण हक्क कागदावर असणें निराळें आणि तो वेळेवर बजावतां येणें निराळें. छायाप्रत मिळावयाची, मग शिक्षकाचा अभिप्राय घ्यावयाचा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावयाचा. इतक्यांत प्रवेशाच्या फेऱ्या चालू होतात. वाढलेले गुण हातीं पडले तेव्हां जागा भरलेली, ही वरातीमागून घोड्याची गत आहे. म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची तारीख आणि प्रवेशाच्या शेवटच्या फेरीची तारीख यांची सांगड नियमानेंच घातली जावी, अशी आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी दाखल्यांविषयीं आहे, आणि आमच्या मतें हीच सर्वांत निकडीची होय. गुण आहेत, प्रवेशपरीक्षाहि उतरली, तरी केवळ एका कागदावांचून मुलाची जागा जाते, असें दर वर्षीं घडतें. राखीव जागेवर धंदेशिक्षणास जावयाचें तर जातीचा दाखला पुरत नाहीं. जात वैधता प्रमाणपत्र लागतें. इतर मागास वर्गाच्या मुलास उन्नत गटांत मोडत नसल्याचा दाखला निराळा, उत्पन्नाचा निराळा, अधिवासाचा निराळा. यांपैकीं बहुतेकांची आठवण कुटुंबास निकालानंतर होते. मग तहसील कचेरीपुढें आणि पडताळणी समितीपुढें एकच झुंबड उडते आणि अखेर मुदतवाढ देण्याची पाळी सरकारवर येते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे. खोट्या दाखल्यांस आळा घालण्याकरितां पडताळणी असावी, याविषयीं दुमत नाहीं. पण मूल अकरावींत शिरतें तेव्हां पासून बारावीच्या निकालापर्यंत पुरीं दोन वर्षें मोकळीं असतात. त्या अवधींत प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयानें आपल्या मुलांचे अर्ज एकत्र करून समितीकडे धाडावे, समितीनें बारावीच्या परीक्षेपूर्वीं निकाल द्यावा, आणि विलंब समितीचा असेल तर त्याची शिक्षा मुलास होऊं नये. पूर्वजांच्या नोंदी कोणत्या दप्तरांत सांपडतील हें ज्याच्या घरीं पहिल्यानेंच कोणी कॉलेजांत जात आहे, त्यास कोण सांगणार? ज्याच्याकरितां ही सवलत निर्माण झाली, त्याच्याच वाटेंत ती धोंड होऊन बसावी यासारखी विसंगति दुसरी नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लक्ष रुपयांच्या आंतील ठराविक वर्गांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची व परीक्षेची फी संपूर्ण माफ करण्यांत आली आहे. ही गोष्ट आम्ही मनःपूर्वक अभिनंदनीय समजतों. परंतु फी माफ झाली तरी परगांवीं राहाण्याचा व जेवणाचा खर्च माफ होत नाहीं, आणि मुलगी घरीं बसते ती याच खर्चापायीं व सुरक्षित जागेच्या अभावीं. येथें समाजाचें काम सुरू होतें. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत एकामागून एक वसतिगृहें उभारलीं आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून खेड्यांतील मुलांस राहाण्या-जेवण्यासह शिक्षणाची वाट मोकळी केली. विद्या ही वर्गांत मिळते, पण ती मिळवावयास मुलाच्या डोक्यावर छप्पर व पोटांत भाकर लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या गांवोगांवच्या व्यापारी मंडळ्या पहिल्या आलेल्या मुलाचा शालजोडी देऊन सत्कार करतात. तो त्यांनीं अवश्य करावा. पण त्याच खर्चांत भर घालून जिल्ह्याच्या ठिकाणीं मुलींकरितां दहा खोल्या भाड्यानें घेतल्या, तर पहिल्या आलेल्या एकीच्या सत्कारापेक्षां शंभराव्या आलेलीचें कॉलेज चालूं राहील, आणि तें पुण्य अधिक मोठें आहे.

शेवटीं दोन शब्द आईबापांस. सर्वच मुलें डॉक्टर वा इंजिनियर व्हावयाचीं नसतात आणि होऊंहि नयेत. विज्ञान, वाणिज्य व कला यांच्या पदव्या, पदविका, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, नोकरी सांभाळून शिकणारांकरितां १९८९ सालीं नाशकांत स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, असे अनेक मार्ग मोकळे आहेत. जो नापास होईल त्यास जून-जुलैंत पुरवणी परीक्षा आहे. गुण कमी वाटत असतील त्यास पुन्हा बसून ते सुधारतां येतात. व्यापारांत एका हंगामांत खोट आली म्हणून कोणी पेढी बंद करीत नाहीं. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोरानें एका परीक्षेवरून आपलें आयुष्य बुडालें असें कां समजावें? दरवर्षीं निकालाच्या सुमारास ज्या हृदयद्रावक बातम्या छापण्याची पाळी वर्तमानपत्रांवर येते, त्या आम्हांस पुन्हा छापावयाच्या नाहींत. निकालाच्या दिवशीं मुलास एकटें सोडूं नये. गुण विचारण्यापूर्वीं तो जेवला काय हें विचारावें. आणि शेजारच्या मुलाचें नांव त्या दिवशीं घरांत काढूं नये.

निकाल लावणें हें मंडळाचें काम आहे व तें तें यथाशक्ति करील. पण उत्तीर्ण झालेलें मूल कॉलेजच्या वर्गांत जाऊन बसेपर्यंत निकाल पुरा लागला असें आम्ही मानीत नाहीं. यंदां पेढ्यांचा पुडा आणावयास जाल तेव्हां वाटेंत एकदां शेजाऱ्याच्या घरींहि डोकवा, आणि त्याच्या मुलीचे दाखले तयार आहेत काय, एवढें विचारा. तेवढ्या एका प्रश्नानें कोणाचें एक वर्ष वांचेल.