विकलेले परत काढून नेणे

येळ्ळूरच्या शेतकऱ्याने बेळगावच्या बाजारात तांदूळ विकले आणि चार महिन्यांनी गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन डब्यातले दोन शेर काढून नेले, तर त्याला कोणी व्यापार म्हणणार नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्या बड्या कंपन्या मात्र हेच उजळ माथ्याने करतात आणि त्याला ‘सुधारित आवृत्ती’ असे गोंडस नाव देतात.

छपाईच्या धंद्यातील उदाहरण बोलके आहे. लग्नपत्रिका असो की येळ्ळूरच्या मराठी साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका, आज सारी मांडणी संगणकावर होते. या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पँटोन कंपनीच्या रंगसूची असत. रंगाचा क्रमांक दिला, की तोच भगवा मुंबईत आणि बेळगावात सारखा उमटावा, ही त्यांची सोय. २०२२ च्या अखेरीस यांतील बहुतेक सूची काढून टाकण्यात आल्या. ज्यांना त्या हव्यात त्यांनी महिन्याकाठी सुमारे १५ डॉलर पँटोनला वेगळे मोजावेत, असा हुकूम सुटला. अनेकांनी आपली जुनी कामे उघडली, तो रंगाच्या जागी काळे फासलेले! सॉफ्टवेअर कायमचे विकत देणे ॲडोबीने २०१३ पासून बंद करीत आणले होते. त्यामुळे भाडेकरू झालेल्या ग्राहकाला तक्रारीपलीकडे काही उरले नाही.

कंपन्यांनी फुकट राबावे, असे आमचे म्हणणे नाही. अभियंत्यांना वेतन द्यावे लागते, यंत्रे चालवावी लागतात. नव्या सोयीसाठी नवी किंमत मागणे रास्तच आहे. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. परंतु त्यापूर्वी त्या सवलतीत ठेवलेली छायाचित्रे निदान मोजणीबाहेर राहिली. पुढचा भाव बदलणे आणि मागचे दिलेले काढून घेणे, यांत फरक आहे तो हाच. पहिला व्यवहार आहे, दुसरी निव्वळ अडवणूक.

यावर कायदा अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडविणाऱ्या अटींच्या कराराला ‘अनुचित करार’ ठरविले आहे. पण मेख पुढेच आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाचे दार ठोठवावे लागते. दरमहा हजार-बाराशे रुपयांच्या भुर्दंडासाठी छोटा छापखानदार तेथवर कशाला जाईल? तो मुकाट्याने पैसे भरतो, आणि कंपन्यांचा हिशेब नेमका याच मुकाटपणावर बेतलेला असतो.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संगणकीय व्यवहारांतील तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, हे स्वागतार्ह आहे. आता आणखी दोन पावले टाकावीत. अनुचित करारांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगांना द्यावा. आणि मोबदला घेऊन दिलेली सोय मुदत संपण्याआधी काढल्यास तिची किंमत परत करण्याचे बंधन विक्रेत्यावर घालावे. ग्राहकाला राजा म्हणण्याची प्रथा जुनी आहे. राजेपण नको, पण घेतलेल्या मालावरचा हक्क तरी त्याच्या हाती राहिला पाहिजे.