कठड्याबाहेरची कला

चौकात शिल्प बसवावे, भोवती कठडा घालावा, म्हणजे शहरास कला लाभली, अशी आपल्या नगरांची समजूत झालेली आहे. ज्या कलेस हात लावण्याची मनाई, ती शहराची शोभा वाढवील. शहरातील माणसे जवळ आणील, असे मात्र नव्हे.

हिंगोलीकरांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. येथील सार्वजनिक दसऱ्यास दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावरील रावण म्हणजे जमलेल्या जनसमुदायावाचून निव्वळ सांगाडा होय. तो जळतो आणि माणसे परस्परांस सोने देतात, तेव्हाच ती कलाकृती पूर्ण होते. तथापि सण कितीही सार्वजनिक असला, तरी प्रत्येक मोहल्ल्याचा हात त्यास लागतोच असे नाही.

मुंबईच्या ससून गोदीत २०१७ साली कलाप्रकल्प झाला, तेव्हा तेथील कोळी बांधवांचीच भव्य छायाचित्रे भिंतींवर झळकली. ज्यांची गोदी, त्यांचेच चेहरे!

आमची सूचना साधी आहे. नगरपालिकेने सुशोभनाच्या खर्चातील काही अंश अशा कामास द्यावा की, जे सर्व मोहल्ल्यांतील मुले, सुतार, कुंभार व गृहिणी मिळून घडवितील, आणि ज्याभोवती कठडा नसेल. ते ओबडधोबड झाले तरी चालेल. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. कीर्तनात टाळ हाती घेतला की श्रोताही गायक होतो, हे या भूमीस कोणी नव्याने शिकवावे काय?